गृहभेट होऊ नये म्हणून

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. रविवारची संध्याकाळ होती. मोड आलेले वाल पाण्यात टाकलेले, मध्ये परात, आणि भोवती आम्ही तिघं. बायको, मी आणि आमची मुलगी. मुलगी तेव्हा विशीत होती, पण अक्कल लहान पोराची. वाल दाबला की डाळ सुळकन बाहेर उडते, ते तिला फार आवडायचं. मुद्दाम माझ्या अंगावर उडवायची.

बायको म्हणाली, "हिची नखं काढायला पाहिजेत. वर्गातली बाई बघते."

"कशाला बघते? नखांशी काय काम तिचं?"

"तुमाला सगळ्यातच वास येतो."

"येतोच."

एवढंच बोलणं झालं. सोमवारी सकाळी बायकोने मुलीला नाक्यावर नेऊन मतिमंद मुलांच्या वर्गाच्या गाडीत बसवलं, घरी आली, पाणी भरायला नळावर गेली आणि तिथेच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी शेजारणीने मुलीला नाक्यावरून आणलं तेव्हा तिरडी दारात होती. बायको गेल्याचं गाडीच्या बाईला शेजारीण काही बोलली नव्हती. ते मी तिला दोनदा विचारून घेतलं. घरात मढं आणि हा काय विचारतो, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. पण मला विचारणं भाग होतं. का, ते सांगतो.

मी कापडाच्या कारखान्यात लूमवर जॉबर होतो. लूम बंद पडला की चालू करायचा, हे माझं काम. त्यात एक कळतं, की यंत्राचा कुठला भाग कुठला भाग ओढतो. मतिमंद मुलांसाठी सरकारने जे काही उभं केलं होतं, त्यात ते मला कधी कळलं नाही. मुलीचं डोकं तपासणार ठाण्याचा मोठा दवाखाना, तेही आठवड्यातून एकाच वारी. दाखल्यावर शिक्का मारणार समाजकल्याण खातं. शिकवणार एक संस्था, तिला अनुदान देणार तेच खातं. एसटीची सवलत पाहिजे तर डेपोत जा. पोरीचे असे तुकडे करून टेबलाटेबलावर वाटलेले. आख्खी पोरगी कुणाकडेच नाही. आणि जिथे आख्खं कुणाकडे नसतं, तिथे चोरी होते, हे मी कारखान्यात बघितलेलं.

बायकोला मात्र भरवसा होता. ऐंशीच्या पुढच्या सालात, पोर लहान होती तेव्हा, असं काही नव्हतंच आमच्याकडे. ती घरात बसून असायची, आणि दार उघडं राहिलं तर रस्त्यावर. म्हणून वर्ग निघाला म्हटल्यावर बायको हटून बसली. पहिल्यांदा ठाण्याला न्यायची होती तेव्हा तिने महिनाभर तयारी करून घेतली, जशी बघायला येणार असल्यावर मुलीची करतात. नाव सांग, गाव सांग, नमस्कार कर, पदर सारखा कर. नवी साडी, केसात अबोली. डॉक्टरांनी नाव विचारलं, हिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, वाकून पायाही पडली. डॉक्टरांनी लिहिलं, सौम्य. त्या दाखल्यावर वर्गात घेईनात.

खात्यातला कारकून हसायला लागला. "अहो मावशी, पास करायला आणलीत का तिला? इथं नापास व्हायचं असतं."

बायको म्हणाली, "शिकवून आणली तर घेत न्हाय. मग शाळा कुणासाठी काढलीय?"

"तसं नाही मावशी. पुढच्या खेपेला काही पढवू नका, एवढंच."

पुढच्या खेपेला काही पढवलं नाही. मुलगी डॉक्टरांच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि काम झालं. बायको आनंदाने घरी आली. मी म्हटलं, पोरीला येतं ते लपवायला लावणारं खातं, ते आपल्याला काय काय दाखवत नसेल.

त्याच खेपेला ती गोष्ट माझ्या कानावर पडली. मी खात्याच्या कचेरीबाहेर विडी ओढत होतो. खात्यातला शिपाई शेजारी आला. बोलता बोलता म्हणाला, "तुमचं बरं आहे, पोरीची आई आहे. आई नसलेल्या मोठ्या मुलीला घरी ठेवत नाहीत. घरात पुरुषच, म्हणून वसतिगृहात पहिला नंबर लावतात."

"कुठलं वसतिगृह?"

"जिथं जागा असेल तिथं. लांब पण टाकतात."

"आणि बापाने न्हाय म्हटलं तर?"

"बापाला कोण विचारतो? सलग गैरहजर राहिली की गृहभेट येते. दोन बाया घरी येतात, चूल बघतात, न्हाणी बघतात. मग लिहितात."

खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "शिपायाचं काय ऐकता? आणि मी काय मरायला टेकलीय?"

तर सोमवारी जाळून आलो आणि माझ्या डोक्यात हेच. बहीण आली होती मानकोलीहून. रडून झाल्यावर म्हणाली, "आता हिला सरकारी आश्रमात घाल, दादा. तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय. पोर बाईमाणूस हाय."

म्हटलं, "तू पण खात्यात लागलीस काय?"

मंगळवारी सकाळी मी मुलीला उठवलं. अंघोळीचं बहिणीने केलं. मग तेल लावून वेणी घालायला मी बसलो. बहीण म्हणाली, "सुतकात तिला कुठं पाठवतोस? लोक काय म्हणतील?"

"लोक घरी येऊन लिहून न्हाय नेत."

वेणी एकीकडे जाड, एकीकडे बारीक झाली. मुलगी दोनदा दाराकडे बघून "आये" म्हणाली. मी डबा तिच्या हातात दिला आणि टेमघरच्या नाक्यावर नेली.

गाडी आली. बाईने दार उघडलं. "आज वेणी कुणी घातली?"

"मी."

"आई कुठंय?"

"घरी हाय. हात कामात हायत तिचे."

तोंडातून सरळ आलं. चोवीस तास झाले नव्हते तिला जाऊन. बाई माझ्याकडे बघत राहिली. न विंचरलेलं डोकं, सुजलेले डोळे, तिला काय दिसलं असेल ते असो. म्हणाली, "उद्या आईला पाठवा. भेटायचंय मला."

"कशाला?"

"सहज."

"सांगतो," म्हटलं.

मुलीला वर चढवलं. दार लागलं. गाडी वळेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग चहाच्या टपरीवाल्याची सायकल मागितली आणि गाडीच्या मागे निघालो. काल्हेरच्या रस्त्याला एका गोदामाच्या माडीवर वर्ग भरायचा, तिथपर्यंत. मुलगी जिना चढून आत गेलेली बघितली. त्या इमारतीला मागे दुसरं दार आहे का, ते एकदा फिरून बघितलं. नव्हतं. मग समोरच्या गोदामाच्या ओट्यावर जिन्याकडे तोंड करून बसलो, आणि गाडी परत निघेपर्यंत उठलो नाही.