माझ्या पाटावर बसलेला जावई

मंडळी, या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि वर खो खो हसतो. भूत, चकवा, करणी... असल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या कारखान्यामागच्या पिंपळाखाली लोक अमावास्येला नारळ ठेवतात, मी तिथेच गाडी लावतो, सावली चांगली पडते म्हणून. तरीही आज लिहायला बसलोय, कारण हे घरात कुणाला सांगण्याची सोय राहिलेली नाही.

मी कोल्हापूरचा. घर राजारामपुरीत, आणि शिरोली एमआयडीसीत ओतकामाच्या मालाला फिनिशिंग करून द्यायचं छोटं युनिट. सासुरवाडी जयसिंगपूर. सासऱ्यांना दोन मुली. थोरली रणजितला दिलेली, धाकटी सुजाता माझी बायको. म्हणजे रणजित माझा साडू... आणि लग्न झाल्यापासूनचं माझं दुखणं.

रणजित एका एक्स्पोर्ट कंपनीत आहे. महिन्यातले निम्मे दिवस विमानात, तेही कंपनीच्या खर्चानं. त्यामुळे त्याच्याकडे विमान कंपनीचं गोल्ड कार्ड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो — वर्षभरात ठरावीक अंतर उडलात की कंपनी तुम्हाला खास गिऱ्हाईक मानते. वेगळी रांग, आधी बॅग, बसायला लाउंज. सासुरवाडीत चार पाहुणे जमले की आमचे सासरे, म्हणजे मामा, हमखास सांगणार, "आमचं थोरलं जावई बघा, त्यास्नी लायनीत उभारावं लागत न्हाय." मी शेजारी पापड मोडत बसलेला. उगाच साधूपणाचा आव आणत नाही. माझा जळफळाट व्हायचा, अगदी घास उतरत नसे.

मग एकदा नेटवर वाचलं की हे कार्ड मिळवायला काही लोक मुद्दाम स्वस्तात स्वस्त आणि लांबात लांब तिकीट काढतात. जायचं, विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता परत यायचं. काम काही नाही, नुसतं अंतर भरायचं. झालं, मला रस्ता सापडला. उजळाईवाडीच्या विमानतळावर गाडी लावायची, हैदराबाद गाठायचं, तिथनं गुवाहाटी, आणि आल्या पावली परत. ब्रह्मपुत्रा मी कितीदा पाहिली असेल, पण खिडकीतूनच. घरचे सगळे रविवार त्यात गेले. सुजाता आधी भांडली, मग माझ्यावर हसली, मग बोलायचीच थांबली. 'जेवायला वाढू का' आणि 'लाइट बिल भरलं का', एवढंच आमच्यात उरलं होतं.

कार्डाचं वर्ष संपत आलं आणि शेवटची एक फेरी राहिली. ती चुकली तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी तिकीट काढून टाकलं, तेही रद्द न होणारं. तारीख निवडताना फोनवरचं कॅलेंडर पाहिलं, भिंतीवरचं पाहायचं राहिलं. त्या साली अधिक महिना होता.

अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचं जेवण. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून पाटावर शेजारी शेजारी बसवतात. सासरे जावयाचे पाय धुतात, सासूबाई पुरणाचे धोंडे वाढतात, वाण देतात. सगळं तीन वर्षांतून एकदा. आणि मामांनी दोन्ही जावयांसाठी नेमका तोच रविवार धरला होता.

सुजाताला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात थांबला नाही तिचा.

"ताईच्या शेजारी दाजी बसणार. माझ्या शेजारी काय रिकामा पाट ठेवू?"

"एवढी एक फेरी होऊ दे," मी म्हणालो. "मग जन्मभर तुझ्या शेजारीच बसतो."

"जावा की, मी काय अडवत न्हाय," ती म्हणाली. "पण माझ्या मनातनं उतरलासा म्हणून समजा."

शनिवारी ती लेकीला घेऊन माहेरी गेली. रविवारी सकाळी मी विमानतळावर गाडी लावली आणि निघालो. आता इथून पुढचं नीट वाचा.

ऐन दुपारी मी हैदराबाद-गुवाहाटी विमानात होतो. समोर खाण्याचा ट्रे आला आणि मी नको म्हणालो. पोट गच्च भरलं होतं. सकाळपासून एका चहावर होतो, तरी जेवणावळीतून उठल्यासारखं सुस्तावलो होतो. ढेकर आली ती गुळाची आणि वेलदोड्याची. हाताला तुपाचा वास. साबणानं धुतला तरी जाईना. झोप लागली नव्हती, हे शपथेवर सांगतो. शेजारचे गृहस्थ कसलीशी परीक्षा द्यायला निघालेल्या मुलीबद्दल बोलत होते आणि मी हूं हूं करत होतो.

उतरल्यावर फोन चालू केला तर सुजाताचा मेसेज. 'आज आलात. बरं वाटलं.'

मला वाटलं, टोमणा. चडफडलो आणि उत्तर दिलं नाही.

सोमवारी दुपारी घरी पोचलो. तोवर अॅपवर माझं नाव सोनेरी झालं होतं. संध्याकाळी सुजाता आली ती दारातूनच हसत. तिचं हसू मी किती दिवसांनी पाहत होतो कोण जाणे. हातात तांब्याचं ताट, त्यात बत्तासे आणि शर्टपीस.

"वाण तिथंच इसरून आलासा की," ती म्हणाली. "आमचं अप्पा म्हणत्यात, जावई असं पळालं जसं मागं कोण लागलंय."

मी म्हणालो, "कसलं वाण? मी गुवाहाटीला होतो."

"व्हय व्हय," ती म्हणाली, "आणि मी लंडनला."

मग तिनं फोनवर फोटो दाखवले. पाटावर मी. माझाच निळा चेक्सचा शर्ट, जो त्या दिवशी विमानात माझ्या अंगावर होता. मामा ताम्हनात माझे पाय धुतायत. उजव्या अंगठ्याचं नख काळं दिसतंय, महिन्यापूर्वी त्यावर कास्टिंग पडलं होतं. आणि मी सुजाताकडे वळून हसतोय. असं हसू माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही.

मी तिला बोर्डिंग पास दाखवले, पार्किंगची पावतीही दाखवली. ती म्हणाली, "मग? गाडी विमानतळावरच ठेवून एसटीनं आलो, असं तुम्हीच सांगितलासा की. तिकीट वाया घालवून आलासा, मला काय कळत न्हाय व्हय? आता कशाला चेष्टा करताय?" आणि गुणगुणत आत गेली.

तेवढ्यात रणजितचा फोन.

"काय साडू, काल लई हसवलंस लेका," तो म्हणाला. "खरं सांगू? तुम्हा दोघांकडं बघून माझ्या पोटात दुखलं. आमची ही माझ्याशी असं बोलल्याला किती वर्षं झाली. मी आपला बॅग उचलून हिंडतोय. तुझं बरं हाय."

तुझं बरं हाय. रणजितच्या तोंडून हे ऐकावं म्हणून मी वर्षभर ढगात फिरलो होतो. ते ऐकायला मिळालं, आणि ते दुसऱ्याच कुणाला उद्देशून होतं. मी फोन ठेवला. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. मला राग आला. रणजितवर कधी जळलो नव्हतो इतका मी त्या पाटावरच्या माणसावर जळलो. माझा शर्ट, माझं नख, माझी बायको... आणि कौतुक त्याचं.

हळूहळू एकेक कानावर येत गेलं. त्यानं सासूबाईंच्या हातचे धोंडे मागून घेतले. लेकीला उसाचा रस पाजायला नेलं. मामांचा दुखरा गुडघा चेपून दिला. मामा आता पाव्हण्यांत माझं नाव घेतात आणि मला ते ऐकवत नाही.

हुबेहूब दिसणारा कुणी असेल, असं एक मित्र म्हणाला. पण गाडी कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलं? तिकीट स्कॅन झालंय, सीटवर मी बसलोय, सोनेरी नाव आजही अॅपवर आहे. दुसऱ्या एकानं डोक्याच्या डॉक्टरांकडे जायला सुचवलं. गेलो. ते म्हणाले, विमानं कमी करा. विमानं तर मी त्याच दिवशी बंद केली. आता रविवारी मी घरातून हलत नाही. लोकांना वाटतं संसारी झाला. खरं कारण एवढंच की मी नसलो आणि तो आला तर?

पण एक गोष्ट अजून बाकी आहे. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर सुजाता माझ्याशेजारी येऊन बसली. थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"त्या दिवशी पाटावर माझ्या कानात जे बोललासा," ती म्हणाली, "ते परत एकदा म्हणा की."

कुठलं ते विचारावं तर संपलंच सगळं. ती वाट बघत होती. मग मी तिच्या कानाशी वाकलो आणि इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो ते, जमेल तसं, सगळं बोललो. माझंच होतं, अगदी खरं होतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे नीट बघितलं.

"ह्ये नव्हतं," ती म्हणाली.