कुरखेड्याच्या बाजारातलं त्रिनिदाद

मासोळी तोलायच्या आधी ती तराजू हवेत तसाच धरून ठेवायची. आता ही काही तरी सांगणार हे ओळखून गिऱ्हाईक पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचं. मग ती म्हणायची, "आमच्या बेटावर तं भाऊ, असं नसते."

कुरखेड्याच्या आठवडी बाजारात माझं बांगड्यांचं दुकान संपतं तिथे मासळीची ओळ सुरू होते. दुकान म्हणजे काय, एक चादर आणि चार पेट्या. तिच्या शेजारी बसून माझी कितीतरी वर्षं गेली. तुम्ही म्हणाल, तळ्यातली मरळ विकणाऱ्या ढिवराच्या बाईला बेट कुठून आलं? सांगते. तिचा एकुलता एक मुलगा नागपुरात स्वयंपाकाचं शिकला, मोठ्या जहाजावर स्वयंपाकी लागला, आणि एक दिवस जहाजावरून उतरून त्रिनिदाद नावाच्या बेटावर एका हॉटेलात कामाला राहिला. दोन वर्षांत येतो म्हणाला होता. दोनाची चार झाली. बापाविना वाढवलेलं पोर ते. दुसरी कोणी असती तर देवाला नवस बोलली असती. हिने चौकशी सुरू केली.

"त्या बेटात असं काय हाये जे कुरखेड्यात नाई, ते मले पाह्यचं हाये," असं मला म्हणाली. मुलाला फोनवर खोदून खोदून विचारायची, आणि जे कळेल ते बाजाराच्या दिवशी सगळ्यांना वाटायची.

"पयले तिथी तिथलेच लोक होते. मंग स्पेनवाले आले, मंग इंग्रज. ऊस लावला. उसाले मानसं पायजे, तं आफ्रिकेतून बांधून आणले. गुलामी बंद झाली, तं आपल्याकडचे नेले, गंगेच्या बाजूचे, जहाजं भरभरून. पाच वर्षं राबा म्हणे, मंग वापस जा." इथे तिचा तराजू जरा खाली यायचा. "वापस लय थोडे आले."

"बाई, मले मरळीचा भाव सांग. देशाचा नको," एखादा घाईतला म्हणायचा.

"तोच सांगून राह्यली. तुले गाडी पकडाची असंल तं जा, अंडे घे."

कोणी गेलं मात्र नाही कधी. तुम्ही तरी गेला असता का? शेजारी टोपल्या विकणारा एक म्हातारा होता. इंग्रजांनी तिथले ढोल बंद केले, हे ऐकून तो टोपली विणायचा थांबला.

"ढोल बंद? मंग लगन कसे लावत?"

"बांबू घेतले भाऊ. जमिनीवर आपटून वाजवले. पुढं तेलाचे पिंप ठोकून ठोकून त्याच्यातून सूर काढले. आता साऱ्या दुनियेत ते वाजते."

"बांबू वाजवते म्हणजे लोक चांगले हायेत," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा विणायला लागला. पुढे तो दर बाजारी विचारायचा, पिंपवाल्यांचं काय चाललं आहे. जणू शेजारच्या गावची बातमी.

एकदा तिने फोनवर कार्निव्हलचा फोटो दाखवला. तिथले लोक वर्षातून एकदा अंगाला चिखल फासून पहाटेपासून रस्त्यात नाचतात. भाजीवाल्या बाया वाकून वाकून पाहायला लागल्या. ती म्हणाली, "आपण धान लावताना सारा रोवणा चिखलात काढतो. आपले फोटो कोण काढते?" त्यावर इतकं हसू झालं की माझ्या चादरीवरचं गिऱ्हाईक बांगडी अर्धी हातात घेऊनच तिकडे वळलं.

एका बाजारी ती भलतीच खुशीत आली. त्या बेटावर एक तळं आहे म्हणे, पण ते डांबराचं. पाणी नाही, मासोळी नाही. लोक त्याच्यावरून चालत जातात.

"सांग बाई, तळ्यात मासोळी नाई. माहा पोरगा तिथी किती दिवस राहील?"

पुढच्याच बाजारी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "तिथी धोप्याच्या, अळूच्याच म्हण, पानात खेकडे रांधतात वो. नारळाचं दूध टाकून."

"मग?"

"मंग काय. चांगलंच लागत असंल."

आणि मग त्या मुलाने सांगितलं की तिथल्याच एका मुलीशी लग्न करायचं आहे. तुझ्या हातच्या अक्षता पडल्याशिवाय करणार नाही, तू ये. मुलगी मूळची इकडचीच, पाच पिढ्यांपूर्वी जहाजातून गेलेल्यांची.

हे कळलं तशी बाजारातली प्रत्येक बाई तिला एकच प्रश्न विचारायला लागली, पोरगी कोण्या जातीची? तिच्या मोठ्या दिराने तर बजावलं, "जात सांग, मंग जा. नाई तं आमच्या घराची पायरी चढू नको." तिने मुलाला विचारलं, मुलाने मुलीला, मुलीने आजीला. कोणालाच सांगता येईना. त्या आठवड्यात ती गप्प गप्प मासोळी तोलत राहिली. कुणाला पाहिजे होता असला सरळ भाव? टोपलीवाल्या म्हाताऱ्याने दोनदा विचारलं, "पिंपवाले बिमार पडले का?"

नंतरच्या बाजारी दीर मुद्दाम येऊन उभा राहिला. तिने तराजू हवेत धरला. मी मनात म्हटलं, आली जागेवर.

"भाऊजी, ते जहाजी हायेत."

"हे कोणती जात आली?"

"तीन-तीन महिने पाण्यावर होते ते. बामन, चांभार, मुसलमान, सारे एका जहाजात. एकाच भांड्यातलं खाल्लं. मरून गेलं तं एकमेकांनीच पाण्यात सोडलं. उतरले तेव्हा कोणाले कोणाची जात सापडेना. एका जहाजातले ते सारे जहाजी भाऊ अन् जहाजी बहीण. त्यांच्यात लगनही लावत नसत, सख्ख्यासारखे मानत. आपण नावेचे लोक, ते जहाजाचे. लहान-मोठा फरक असंल तं सांगा."

दिराने एक मरळ उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "जाळं टाकता येते का तिले?"

"शिकवते नं मी," ती म्हणाली.

जायच्या दिवशी दीरच तिची पेटी डोक्यावर घेऊन बस स्टँडवर आला. गाडीत चढता चढता तिने मला बाजूला ओढलं. म्हणाली, तिथे एक मासोळी आहे, वरून चिलखतासारखी. ती जो खाईल, तो जगात कुठंही फिरो, त्याचे शेवटचे दिवस त्याच बेटावर जातात, असं तिथले लोक मानतात. "माह्या पोरानं खाल्ली असंल. मी नाई खाणार. जन्म मासोळीत गेला, पण ते एक नाई. लगन लावते अन् येते."

तिला जाऊन आता दोन उन्हाळे झाले. तिच्या जागेवर कोणी प्लास्टिकच्या बादल्या मांडतो. चांगला माणूस आहे बिचारा, भाव विचारला की लगेच सांगतो.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. नातू रांगायला लागला, तिथे पाऊस किती, सगळं सांगून झालं. मी शेवटी विचारलंच, "बाई, ती मासोळी?"

तिकडे तिने कोणाला तरी नातवाला घ्यायला सांगितलं. मग पुन्हा फोनवर आली.

"सुनेनं पयल्यांदा आपल्या हातानं रांधून वाढली," ती म्हणाली. "नाई कसं म्हणू, सांग?"