मिठाची बाई

सरांनी छत्रीचं टोक माझ्या चित्रावर टेकवलं. बाईच्या तोंडावरच. आणि हसले.

"ही तर तुझी आय! मेंढ्यांमागं फिरणारीला पार ज्यूंच्या ग्रंथात नेऊन बसवलीस?"

धाराशिवच्या त्या प्रदर्शनाच्या हॉलातले सगळे हसले. आई माझ्या शेजारीच उभी होती. तेरहून एसटीनं आलेली, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिनं पदर पुढं ओढला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

सर म्हणजे आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर. बडे जमीनवाले. प्रदर्शन त्यांच्याच हातात.

ग्रंथातली गोष्ट मला माझ्या ज्यू मैत्रिणीनं सांगितली. अलिबागकडची, माझ्याबरोबर चित्रकला शिकलेली. देवानं पापी गाव जाळलं. लोट नावाचा माणूस बायकोला, दोन धाकट्या पोरींना घेऊन पळाला. माघारी बघायचं न्हाय, असा हुकूम. बायकोनं बघितलं आणि मिठाचा खांब झाली. ग्रंथात तिला नावसुद्धा न्हाय. मैत्रीण म्हणली, "आमच्यातलेच काही जुने जाणते सांगतात, तिच्या लग्न झालेल्या पोरी मागं राहिल्या होत्या."

मला आईच दिसली. कळप घेऊन निघाली की सारखी माघारी बघती. लंगडं कोकरू राहिलं तर? ते बघणं हेच तिचं काम. म्हणून त्या मिठाच्या बाईला तिचं तोंड काढलं.

सरांनी खिशातला पेन माझ्या हातात कोंबला. "खाली लिही, 'आज्ञा मोडणाऱ्या बाईची शिक्षा'. तरच भिंतीवर राहील."

माझं पहिलं प्रदर्शन. आणि आजवर ह्या माणसानं सांगितलं ते मान खाली घालून लिहिलेलं.

"सर, दारावर गुंड आले तवा ह्याच लोटानं आपल्या दोन कुवाऱ्या पोरी त्यांना देऊ केल्या. घरी उतरलेले पाहुणे वाचावेत म्हणून. त्याला काय शिक्षा झाली?"

"तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? त्याच गोष्टीत हाय."

"जीभ लई चालायला लागली गं तुझी!"

"व्हय. चालणारच." पेन परत दिला.

शिपायानं चित्र उतरवलं. आई पायरीवर येऊन बोलली, "त्यास्नी म्हणावं, एक दिस मेंढरं वळून दावा. माघारी न बघता."

खोटं कशाला बोलू, स्टँडवर मी रडले. रागानं रडले. दुसऱ्या दिवशी नवा कॅनव्हास ताणला. त्यावर लोटाच्या घराचं दार काढलंय. बाहेर गुंड. दोन्ही पोरींचे दंड धरून दारात उभा बाप. त्याचं तोंड तेवढं बाकी हाय. ते सरांचं काढणार. जिल्ह्यात कुणालाही ओळखू आलं पाहिजे.