मामांचं पेट्रा

माझ्या बायकोच्या मामांसमोर एखादं चुकीचं विधान पाच मिनिटं जिवंत राहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. शिकागोजवळ नेपरव्हिलला एका पूजेत भटजींनी सवयीनं 'जंबुद्वीपे' म्हटलं, तर मामांनी हातातलं पाणी तसंच धरून त्यांना थांबवलं. "भटजी, आपण इलिनॉयमध्ये बसलोय. पुण्य भलत्याच पत्त्यावर जाईल." त्यांची नात तर शाळेचा प्रोजेक्ट आजोबांपासून लपवूनच करते. "आजोबांना सांगू नका, प्लीज. इट टेक्स फॉरेव्हर!"

मामा मूळचे नागपूरचे, पाणीपुरवठ्याचे निवृत्त इंजिनियर. त्यामुळे मामा-मामी आणि आम्ही दोघं नवराबायको असे चौघं जॉर्डनच्या वाळवंटातली पेट्रा ही डोंगरात कोरलेली नगरी बघायला गेलो, तेव्हा सगळं जग गुलाबी खांबांचे फोटो काढत होतं आणि मामा कड्यातल्या पन्हळीचे. "खांब वेरूळलाही आहेत, जावईबापू. हे पाणी बघा! वाळवंटात शहर उभं राहतं ते राजामुळे नाही, नळामुळे." राजेलोकांविषयी मला आधीच बेताचा आदर, म्हणून मीही मान डोलावली. गाइड चुकून म्हणाला की हे दर्शनी भाग खालून वर कोरत नेले. झालं! "वरून खाली! कळसापासून पायथ्याकडे!" तिथून मामा हे शहर वसवणारे नबाती व्यापारी, धुपाचे तांडे, रोमन, भूकंप असे जे निघाले, की गाइडनं आपली छत्री त्यांच्याच हातात दिली आणि तो सावलीत जाऊन बसला. हळूहळू मंडळीही पांगली. उरल्या एकट्या मामी. "मग उन्हाळ्यात पुरायचं का हो पाणी?"

खरं तर ही सहल मामींसाठीच होती. त्यांचं विसरणं हे साधं वयाचं विसरणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात मामांनी तिकिटं काढली. दोन हजार वर्षांपूर्वीचं काल घडल्यासारखं सांगणाऱ्या माणसाला, कालचं उद्या उरणार नाही, हे पटतच नव्हतं. रोज संध्याकाळी हॉटेलात ते मामींची उजळणी घेत. मामी शहाण्या मुलीसारखी उत्तरं देत, आणि चुकलं की मामा दुरुस्त करत, जरा मोठ्यानंच. "अगं, देऊळ नव्हे, थडगं!" परतताना विमानात मामी म्हणाल्या, "परीक्षेलाच आणलं होतं का मला?" त्यावर मामांनी हातातलं पेट्राचं माहितीपुस्तक मिटून समोरच्या खिशात सरकवलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत टीव्हीवर सहलीचे फोटो एकामागून एक सरकत होते. वाळवंटात तंबूबाहेर आम्हाला चहा देणारा एक म्हातारा बेदुइन पडद्यावर आला आणि मामी एकदम खुलल्या.

"अहो, हे मोठे भाऊजी ना? किती आग्रह करत होते!"

मोठे भाऊजी म्हणजे मामांचे थोरले बंधू. ते जन्मात विदर्भाबाहेर पडले नव्हते, आणि त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आम्ही सवयीनं मामांकडे पाहिलं. मामांनी रिमोट उचलला आणि फोटो पुढे सरकू नये म्हणून तिथंच थांबवला.

"हो, दादाच," ते म्हणाले. "वहिनी आत होती, चहा करत. तू त्यांना जेवायला बोलावलंयस आपल्याकडे."

"मग येणार का?"

"येतील ना," मामा म्हणाले. "एवढा बर्फ वितळू दे."