जपान्याची जाळी

नवरा ब्रह्मदेशात पहाऱ्यावर असताना मारला गेला. गोळी कुठून आली, कुणालाच दिसलं नाही. मोठे दीर मात्र इंदुरात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "झोपला असेल. लहानपणापासून झोपाळूच तो." होळकरांचं संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं, तोवर मुलगी शाळेत जायला लागली होती. एक दिवस तिनंच मला विचारलं, "आई, बाबा झोपले म्हणून मेले का?" तेव्हा ठरवलं, हे बोलणं या घरात बंद करायचं.

नवऱ्याच्या पलटणीतला एक सोबती मल्हारगंजात आमच्याच गल्लीत राहायचा. त्याच्याकडे लढाईतून आणलेला जपानी शिपायाचा झगा होता. झगा कसला, जाड हिरव्या सुताची जाळी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. तिच्यात डहाळ्या खोचून ते लोक झाडीत दबा धरून बसायचे. मी तो मागून आणला.

सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्याचं वस्त्र अंगावर घेतेस?"

"घेते. मग आंघोळ करीन."

रविवारी सकाळी परसातल्या सीताफळांच्या दाटीत जाऊन बसले. डहाळ्या कशा खोचायच्या ते सोबत्यानं सांगितलं होतं. तोंडाला चिखल फासला. मग त्यानं दिरांना हाक मारली.

"भिया, वहिनी इथंच परसात आहेत. शोधा."

"हा काय पोरखेळ?"

"पलटणीचा खेळ आहे. शोधा तर खरं."

दीर हसत आले. परस ते केवढंसं! विहिरीत डोकावले, न्हाणीमागे बघितलं, झाडांत काठी घातली. हसू गेलं. डासांनी मला फोडून काढलं, पण मी हलले नाही. शेवटी माझ्यासमोरच उभे राहून ते चिडले, "घरात गेली असेल. मला येडा बनवताय?"

"भाऊजी, पाय मागे घ्या," मी म्हटलं. "माझ्या बोटांवर आहे."

ते असे उडाले की धोतर सुटायला आलं. सोबती खो खो हसला. मी नाही हसले. दिरांसमोर आजवर मान वर करून बोलले नव्हते. आता उठून उभी राहिले.

"मी इथंच आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. शोधत होतात, तरी दिसले नाही. आता पोरीला सांगा."

"काय सांगू?"

"ते तुम्हाला कळतंय."

मुलगी ओट्यावर उभी होती. दीर बराच वेळ निऱ्या सारख्या करत राहिले. मग तिच्याकडे न बघता पुटपुटले, "तुझा बाप झोपला नव्हता."

"मोठ्यानं," मी म्हटलं. "आत आईंनाही ऐकू जाऊ दे."

ते मोठ्यानं म्हणाले.