मी तेल खोदायला गेले होते

हे बघा, आधी चहा संपवून घ्या. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाला मध्येच ठसका लागला होता, आणि त्याच्या समोर बसलेल्याचा शर्ट पांढरा होता!

माझं नाव प्रज्ञा. प्रज्ञा म्हणजे बुद्धी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे आई-बाबांनी किती आशेने नाव ठेवलं होतं याची तुम्हाला कल्पना येईल.

आमचं घर सिंगापुरात, बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत. बाबा मूळचे नागपूरकडचे, इंजिनियर. तुआसच्या यार्डात समुद्रातून तेल काढायच्या रिग बांधतात. त्यांनी मला स्कॉटलंडला भूगर्भशास्त्र शिकायला पाठवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. पोरगी तेल शोधेल आणि बाप ते काढेल. आहे की नाही झकास जोडी?

आणि पोरीने काय केलं? शेवटच्या वर्षी पुरातत्त्वाच्या प्रेमात पडली. खडकाच्या पोटात काय आहे यापेक्षा त्या खडकावर कोण राहून गेलं, काय जेवलं, कोणाशी भांडलं, याचीच मला जास्त उत्सुकता वाटायला लागली. जॉर्डनमध्ये एक उत्खनन चालू होतं. तिथे स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिलं, निवड झाली, आणि मग मला घाम फुटला. हे बाबांना सांगणार कसं?

तसं परवानगीची गरज नव्हती हो. मी काही लहान नव्हते. पण मला एवढंच हवं होतं, की बाबांनी एकदा मनापासून 'जा' म्हणावं. कारण आमचं दोघांचं बोलणं म्हणजे काय होतं? "जेवलीस?" "हो." "झोप मग." ओ-लेव्हलच्या, म्हणजे तिकडच्या दहावीच्या वर्षापासून हा असाच कार्यक्रम चालू होता.

त्यात मी स्कॉटलंडहून येताना एक व्रत घेऊन आले होते. घरात फक्त शुद्ध मराठी बोलायचं! तुम्ही परदेशात एकटे राहिलात की मराठीचं प्रेम असं काही उफाळून येतं की विचारू नका. आई म्हणायची, "अगं, तो एसी बंद कर." मी म्हणायचे, "आई, वातानुकूलक." आई म्हणायची, "तो जो कोण आहे तो बंद कर, मला थंडी वाजतेय."

आता जरा लक्ष द्या, कारण घोटाळा इथे आहे. बायबलमध्ये जिचं नाव येतं त्या यार्देन, म्हणजे जॉर्डन नदीच्या आसपास जागोजागी उंचवटे दिसतात. ते निसर्गाने केलेले नाहीत. एक गाव वसलं, पडलं. त्याच्या मातीवर दुसरं वसलं, तेही पडलं. असं हजारो वर्षं साचत साचत टेकडी झाली. तिला तिकडे म्हणतात 'तेल'. इंग्रज लोक त्याचं 'टेल' करतात. पण मी उच्चाराच्या बाबतीत फार काटेकोर! टेल कशाला म्हणायचं? मूळ उच्चार तेल, तर मी तेलच म्हणणार!

हसलात? बघा, तुम्हाला लगेच कळलं.

तर रात्रीची जेवणं चालली होती. मी पाण्याचा घोट घेतला आणि एका दमात म्हणाले, "बाबा, मी जॉर्डनला चाललेय. तेल उत्खननासाठी."

बाबांचा घास हातातच राहिला.

"काय म्हणालीस?"

"तेल. मी तेल खोदणार आहे. मला माहीत आहे तुम्हाला आवडणार नाही, पण..."

"आवडणार नाही?" बाबा चक्क उभे राहिले. "अगं वेडी का खुळी तू? आवडणार नाही काय! ऐकलंस का गं, पोरगी तेल खोदायला चालली!"

आई वाटीत वरण वाढत होती. तिने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि ती वरण वाढत राहिली.

मला तर रडूच आलं. इतकी वर्षं मी या माणसाला ओळखलंच नव्हतं म्हणायचं!

"पण जॉर्डनमध्ये तेल आहे?" बाबांनी खाली बसत विचारलं. "मला वाटलं, तिकडे फारसं नाही."

"बाबा, पावलोपावली तेल आहे! खोदायला माणसं पुरत नाहीत."

"हो? बघा! आणि आम्ही इकडे समुद्राच्या तळाशी शोधतोय. किती जुनं असेल गं?"

"तीन हजार वर्षं. तळाशी कदाचित पाच."

बाबा जरा गोंधळले. "हजार? तुला कोटी म्हणायचंय."

मी मनातल्या मनात हसले. बिचारे बाबा! इतिहासाचा गंध नाही. "हजारच, बाबा," मी समजुतीच्या सुरात म्हणाले. "कोटी वर्षांपूर्वी तिथे होतं कोण?"

"ते बाकी खरं," बाबा म्हणाले. पोरगी स्कॉटलंडहून शिकून आलेली. तिच्यापुढे कशाला बोला?

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी यार्डातून माझ्या मापाचे जाडजूड बूट आणून दिले. "यावर तेलाचा डाग राहत नाही," म्हणाले. मला वाटलं, तिथल्या जेवणाबद्दल सांगताहेत. मी म्हटलं, "बाबा, तिकडे ऑलिव्ह तेल असतं." त्यावर ते इतके खळखळून हसले, की मी पण हसले. आमचा दोघांचा हा पहिला विनोद. तो कशावर होता हे दोघांनाही माहीत नव्हतं.

जॉर्डनमध्ये पोचले आणि काय सांगू! सूर्य उगवायच्या आत आम्ही टेकडीवर. दोऱ्या लावून आखलेला चौकोनी खड्डा, त्यात मी आणि मार्था नावाची एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका. तिच्या खिशात बायबल. प्रत्येक दगड निघाला की तिला वाटायचं, यावर कोणीतरी संदेष्टा बसला असणार. मला वाटायचं, यावर कोणीतरी बाई कपडे धूत असणार. थापीने माती खरवडायची, ब्रशने झाडायची, घमेल्यात भरायची, चाळायची. एकेक खापर हातात आलं की जीव थाऱ्यावर राहायचा नाही. याच्या काठावर बोटाचा ठसा आहे! कोणाचं बोट? ओल्या मातीला ते का लागलं? भांडं घडवणाऱ्या बाईला कोणी हाक मारली होती का?

आणि रोज संध्याकाळी बाबांचा फोन! रोज! "जेवलीस?" नाही, "झोप" नाही, सरळ मुद्द्यावर.

"किती खोल गेलात?"

"माझ्या गुडघ्यापर्यंत."

"फक्त?"

"बाबा, घाई केली तर सगळं वाया जाईल. आम्ही ब्रशने खोदतो."

"ब्रशने? तेल?"

"हो. मशीन लावलं तर थरांचा सत्यानाश होतो."

बाबा एकदम खुलले. "म्हणजे पर्यावरणाला धक्का न लावता! अरे वा! नवीन तंत्र दिसतंय."

"जुनंच आहे, बाबा. पण तुम्हाला पटलं ना, मला फार बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "काही लागलं का?"

"हो, बाबा! आज एक भांडं लागलं!"

"एक भांडंभर. बरं. सुरुवात आहे."

"पण फुटकं आहे."

"अरेरे. मग सगळं गळालं असेल."

"तीन हजार वर्षांत गळणारच ना, बाबा."

"काळं होतं का?"

"हो! आतून अगदी काळंकुट्ट! तुम्हाला कसं कळलं?"

"बेटा," बाबा गहिवरून म्हणाले, "हयात गेली यात."

आता मला सांगा, यात कोणाला संशय येईल? मी मार्थाला सांगितलं, माझ्या वडिलांना मातीच्या भांड्यांचं उपजत ज्ञान आहे. ती म्हणाली, देवाची देणगी.

इकडे सिंगापुरात काय चाललं होतं, ते मला परत आल्यावर कळलं. बाबांनी यार्डातल्या मेश्राम काकांना सांगितलं, की प्रज्ञा ब्रशने तेल काढते. मेश्राम काकांनी ते आणखी चौघांना सांगितलं. चौघांनी आपापल्या कंपनीत. तुआसमधले निम्मे मराठी इंजिनियर या तंत्राबद्दल एकमेकांना विचारत होते, आणि जो तो 'मला थोडंफार माहीत आहे' असं सांगत होता!

मी आले त्या रविवारी बाबांनी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये माझं भाषण ठेवलं. 'जॉर्डनमधील तेल उत्खनन: एक अनुभव'. हॉल भरलेला. पोहे, चहा, जय भीम, कशी आहेस, किती काळवंडलीस! बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मला वाटलं, आमच्या लोकांना इतिहासाची केवढी ही ओढ!

मी पहिलं चित्र पडद्यावर लावलं. उन्हात तापलेली, उघडीबोडकी टेकडी.

"हे आमचं तेल," मी अभिमानाने म्हणाले.

मेश्राम काका पुढे वाकले. "कुठं?"

"हे काय, समोर."

"समोर तर डोंगर दिसून राहिला ना, पोरी."

"डोंगर नाही, काका. तेल!"

"म्हणजे आत तेल हाय."

"आत घरं आहेत."

"घरांत तेल हाय?"

"नाही हो, काका. तेलात घरं आहेत!"

मेश्राम काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "अबे गजू, हिला तिकडं ऊन तर नाही ना लागलं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा पडद्याकडे बघत होते. आणि मग गुडघ्याएवढा खड्डा, ब्रश, बूट, काळं भांडं, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात धाडधाड कोसळलं. तेल. खाण्याचं तेल, जाळण्याचं तेल, बाबांचं तेल! धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. अर्थात तेवढं खोल खोदायला मला सहा सीझन लागले असते.

"बाबा," मी म्हणाले. "मी पुरातत्त्वाच्या उत्खननावर गेले होते. ही जुन्या गावांची टेकडी. तिलाच तिकडे तेल म्हणतात."

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता निघून जाणार. इतक्या लोकांसमोर, ज्यांना ते सगळा सीझनभर माझं कौतुक सांगत होते, त्यांच्यासमोर!

बाबा म्हणाले, "ते भांडं दाखव."

"कुठलं?"

"ते. फुटलेलं. आतून काळं."

मी चित्र पुढे सरकवलं. बाबा पडद्याजवळ गेले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"मग हे काळं कशानं?"

"आत काहीतरी करपलं होतं, बाबा. एकदा नाही, पुष्कळदा."

"काय करपलं होतं?"

"बहुतेक मसूर. शेजारी जळके दाणे सापडले."

"मसुराची डाळ!" बाबा लोकांकडे वळले. "तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी डाळ करपवली, ती हिने शोधली. मेश्राम, तू आजवर काय शोधलंस?"

"मी पार्किंग शोधतो ना बे रोज," मेश्राम काका म्हणाले, आणि हॉल हसला. पण हसणं माझ्यावरून सरकलं होतं. मग प्रश्न सुरू झाले. चूल कुठे होती? पाणी कुठून आणायचे? एवढ्या उन्हात टेकडीवर चढून राहायचे कशाला? इंजिनियरच ते! भिंतीची जाडी किती आणि पाया कसा घेतला, यावर दोघांचं आपसात भांडण झालं. पोहे संपले तरी लोक उठेनात.

लिफ्टमध्ये बाबा म्हणाले, "आमच्या गावाला आहे असली टेकडी. पावसाळ्यात तिच्यावर मणी सापडायचे, खापरं सापडायची. पांढरीचं टेकाड म्हणतात. मराठीत सांगितलं असतंस तर मला पहिल्या दिवशीच कळलं असतं."

मराठीत! वातानुकूलकवालीला!

"तेव्हा पण 'जा' म्हणाला असतात?" मी हळूच विचारलं.

बाबांनी विचार केला. "लगेच नसतो म्हणालो. आता म्हणतो."

घरी आले तर आई शांतपणे डबे आवरत होती. मी तिच्यापुढे सगळं ओकले. ती म्हणाली, "मला पहिल्या रात्रीच कळलं होतं. तुझ्या खोलीतली पुस्तकं कोण पुसतं?"

"आई! मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं रोज बोलत होतात. इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, तेल तर तेल."

काय ही बाई! मी तिला मिठीच मारली. या घरात माझी भाषा समजणारं एक तरी माणूस आहे!

आईने मला अलगद बाजूला केलं आणि कपाटातून एक पिशवी काढली. सेरंगून रोडवरून आणलेल्या तीन कोऱ्या साड्या.

"या कोणाला?"

"पुढच्या वेळी जाशील तेव्हा घेऊन जा. तूच नाही का रोज मेसेज करायचीस, 'संध्याकाळी वाडीत जाऊन बसते, फार बरं वाटतं'? म्हटलं, परक्या मुलुखात त्या वाडीतल्या बायाबापड्यांनी माझ्या लेकीला जीव लावला, त्यांना काहीतरी द्यायला हवं."

आता तुम्हीच सांगा! तिकडे वाडी म्हणजे कोरडा ओढा. नुसते दगड आणि काटेरी झुडपं. तिथे मी या तीन साड्या नेसवू कोणाला?