मावशींचं शेवटचं कडवं

मावशी गाणं ऐकताना डोळे मिटत नसत की मान डोलवत नसत. त्या चौकशी करत. "हे हिनंच केलंय, की कुणी लिहून दिलंय?" उत्तर "हिनंच" असेल तर पुढे ऐकायचं, नाहीतर पुन्हा काजू.

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात त्या काजू फोडायला बसत आणि मी स्टोअरमध्ये कारकून होतो. अर्थात कारकुनी हा माझा जोडधंदा. खरं काम म्हणजे लोकांना गाणी सुचवणं. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या बाया हा तर माझा खास प्रांत. कुठली आइसलँडची, कुठली पोर्तुगालची. अख्ख्या रत्नागिरीत हे कळणारा मी एकटाच, असा माझा समज होता आणि तो खोडून काढायला कुणाला वेळ नव्हता. 'ऐकायलाच हव्यात अशा दहा जणी' अशा याद्या मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो. लोक अंगठा दाखवून मोकळे होत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मावशींना आइसलँडची बाई ऐकवली. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं नि विचारलं, "काय म्हणते ही?"

"शब्द मलाही कळत नाहीत हो, पण भाव बघा ना!"

"अहो भाऊ, ती बिचारी एवढी जीव तोडून सांगत्ये, नि तुम्ही नुसते भाव बघताय?"

काजू फोडणाऱ्या सगळ्या बाया खो खो हसल्या. मीही हसलो, पण उशिरा.

मावशी स्वतः गाणी करतात हे मला सहा वर्षांनी कळलं. दहा पावलांवर बसून सहा वर्षं! त्यांच्या बौद्धवाडीत जयंतीला बाया त्यांचीच गाणी म्हणत. वही वगैरे काही नाही, सगळं डोक्यात. गाणं करणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं ही तिथली रीत. मावशींनी मात्र एकाही गाण्यात नाव घातलं नव्हतं. "नाव घालण्याजोगं झालं की घालीन. उगाच कशाला मिरवायचं?" हे त्या मला सांगत होत्या, दुसऱ्यांच्या गाण्यांच्या यादीखाली स्वतःचं नाव दोनदा टाकणाऱ्याला.

काम सोडलं त्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, फोन काढा. आज नाव घातलंय." काजूच्या तेलानं काळवंडलेल्या बोटांनी पदर सारखा केला आणि उभ्या उभ्याच गायल्या:

काळी झाली बोटं माझी, गर निघाला गोरा गं,
खाणाऱ्यानं पुसलं नाही, फोडणारी कोण गं?

अशी एकेक कडवी झाली आणि शेवटच्यात नाव आलं. संपल्यावर मी म्हटलं, "पुन्हा एकदा म्हणता?"

"आता कशाला? फोनमध्ये आलं ना?" म्हणाल्या आणि डबा घेऊन निघाल्या.

पुढच्याच वर्षी मावशी गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ वाडी जमली, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांची लेक म्हणाली, "आईचं नाव असलेलं गाणं तेवढं एकच आहे, काका. सगळ्यांना ऐकवूया." मी ऐटीत स्पीकर लावला. वाडी सरसावून बसली. एकेक कडवं सरलं, शेवटची ओळ आली, "फोडणारी..." आणि तिच्यावर भलामोठा आवाज आदळला, "वा! वा! क्या बात है, मावशी!"

गाणं तिथंच संपत होतं. लेकीनं ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"काका, इथं तुम्हीच ऐकू येताय," ती हळूच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती मला.

आता कुणी यादी मागितली की मी हे एकच गाणं पाठवतो. सोबत लिहितो, जरूर ऐका. शेवटी जे गाढव ओरडतं ते मी. त्याच्या ओरडण्याखाली बाईंनी म्हटलंय, 'फोडणारी सुजाता गं.'